स्वस्त दुनळी बंदूक : घ्यावी की न घ्यावी?

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या किंवा मक्याची कणसे दुधात आली, की रानालगतच्या शिवारात रात्री रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत हंगामाच्या कष्टाची माती होते. अशा वेळी हवालदिल झालेला शेतकरी ग्रामसेवकाकडे येतो व म्हणतो, "भाऊसाहेब, जिल्ह्याच्या गावी दुकानात एक दुनळी बंदूक स्वस्तात मिळते आहे. एकावर एक नळ्यांची आहे. घेऊन टाकू का?"

या प्रश्नाचे उत्तर केवळ किंमत पाहून देता येत नाही. कायदा काय सांगतो, बंदूक कशी आहे आणि आपल्या शेताची गरज कोणती, या तीन गोष्टी क्रमाने तपासूनच ते द्यावे लागते.

परवाना आधी, बंदूक मागून

१९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बंदूक जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून दुकानात इसारा देण्यापूर्वी परवाना हाती असला पाहिजे. पीकसंरक्षणासाठी याच कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, किमान २० इंच लांब नळीच्या गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना त्याला देता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे.

तथापि, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींची फेरमांडणी २०२२ च्या दुरुस्तीने झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला ते घातक ठरले असल्यास वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना झाडलेली गोळी शेतकऱ्याला पिकाच्या नुकसानीहून मोठ्या संकटात लोटते.

एकावर एक नळ्या कशासाठी?

आपल्याकडील नेहमीच्या दुनळीत नळ्या शेजारी शेजारी असतात. दुसऱ्या प्रकारात एक नळी वर व एक खाली असते. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग याने आखलेली अशी बंदूक त्याच्या मृत्यूनंतर, १९३० च्या दशकाच्या आरंभी, बाजारात आली व हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. नेम धरताना डोळ्यासमोर एकच अरुंद नळी दिसते. खालची नळी आधी झाडल्यास धक्का खांद्याकडे अधिक सरळ येतो, तोंड कमी उसळते व दुसरा बार लवकर साधतो. म्हणूनच उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीत हीच बंदूक प्रामुख्याने वापरली जाते. २००४ साली अथेन्स येथे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळविले, ते याच खेळात.

हे गुण शेकडो बार झाडणाऱ्या नेमबाजाच्या उपयोगाचे आहेत. माचाणावर बसून हंगामात दोन-चार बार काढणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचा लाभ थोडाच होतो. उलट, खालच्या नळीत काडतूस भरण्यासाठी ही बंदूक अधिक मोडावी लागते आणि अडचणीच्या जागी ते त्रासाचे होते.

काटकसर कोठे चालते, कोठे नाही?

तुर्कस्तानातील कारखाने या प्रकारच्या कमी किमतीच्या बंदुका अनेक देशांना पुरवितात. भारतात मात्र परदेशी बंदुकीची आयात सर्वसामान्य नागरिकास खुली नाही. म्हणून खेड्यातील शेतकऱ्यापुढे येणारी स्वस्त परदेशी बंदूक ही बहुधा जुनी, अनेक हातांतून गेलेली असते.

बंदूक स्वस्त करताना कारखानदार नक्षीकाम, लाकडाची जात व झिलई यांत बचत करतो. ही बचत ग्राहकाने आनंदाने स्वीकारावी. रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले न जाता केवळ वर उचलले जात असेल, तरी शेतावर काही अडत नाही. परंतु नळी, नळ्या बंद ठेवणारी पकड आणि चाप यांत कसूर असेल, तर ती बंदूक फुकट मिळाली तरी महागच होय.

दुकानात करावयाची परीक्षा

बंदूक हाती येताच प्रथम ती मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. पुढील तपासणी दुकानदाराच्या संमतीने, त्याच्यासमोर करावी.

१. नळीखालचा लाकडी हातधर काढून बंदूक बंद करावी व दस्त्याजवळ धरून हलवावी. हातधराच्या ताणामुळे झाकलेला ढिलेपणा अशा वेळी उघड होतो. खडखड वाटल्यास किंवा नळ्या आणि मागील बैठक यांमध्ये फट दिसल्यास बंदूक परत करावी.

२. बंदूक मोडण्याची वरची कळ पाहावी. नव्या बंदुकीत ती मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. ती मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल, तर पकड झिजली आहे असे समजावे.

३. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरून आत पाहावे. खड्डे गंजाची, तर वेडीवाकडी सावली पोचा पडल्याची साक्ष देते. नळ्या आकड्यावर टांगून बोटाच्या पेराने हलकेच ठोकाव्यात. स्वच्छ नाद उमटला तर जोड शाबूत आहेत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आल्यास मधली पट्टी सुटलेली असण्याचा संभव आहे.

४. नळीवरील चाचणीचे छाप व काडतूस बसण्याच्या घराची लांबी वाचून घ्यावी. पुष्कळ जुन्या विलायती बंदुकांचे घर २½ इंचांचे असते. त्यात २¾ इंची काडतूस वापरणे धोक्याचे आहे. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती पट्ट्या पिळून घडविलेली जुनी नळी होय. आजच्या धूरविरहित दारूसाठी तिची चाचणी झालेली नसल्यास ती भिंतीवर टांगण्यापुरतीच उपयोगी आहे.

५. नकली काडतुसे घालून चाप ओढून पाहावा. एकावर एक नळ्यांच्या अनेक बंदुकांना एकच चाप असतो. त्यांपैकी काहींमध्ये पहिल्या बाराच्या धक्क्यानेच चाप दुसऱ्या नळीवर येतो. पहिले काडतूस फुसके निघाले, तर दुसरी नळीही ऐन वेळी मुकी राहते. जखमी डुक्कर अंगावर येत असता हा दोष जिवावर बेतेल. या कारणाने शेतकऱ्याला दोन चापांची बंदूक अधिक भरवशाची.

६. सुरक्षा-खटका लावून चाप ओढला असता तो हलता कामा नये. तथापि अनेक बंदुकांत हा खटका केवळ चाप अडवितो, आतील घोडा अडवीत नाही. म्हणून बांध ओलांडताना किंवा माचाणावर चढताना बंदूक रिकामी करणे हीच खरी सुरक्षितता होय.

कागदावरची परीक्षा

शक्य असेल तर अधिकृत चांदमारीच्या जागी ४० यार्डांवर मोठा कागद लावून प्रत्येक नळीचा एकेक बार काढून पाहावा. जेथे अधिकांत अधिक छर्रे पडले असतील तेथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून छर्रे मोजावेत. तोंडाशी न आवळलेल्या नळीचे सुमारे ४० टक्के, तर पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे ७० टक्के छर्रे वर्तुळात यावेत. याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही नळ्यांचे बार एकाच जागी पडले पाहिजेत. स्वस्त बंदुकीत नळ्या एकमेकींशी नीट जुळविलेल्या नसतात, आणि हा दोष पुढे दूर करणे फार खर्चाचे पडते.

शेताची गरज

बंदुकीच्या किमतीत काडतुसे, दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण व कुलपाचे मजबूत कपाट यांचा खर्च मिळवावा. मग त्या एकूण रकमेत सौरकुंपण किती होते, हे पाहावे. बंदूक राखणदार जागा असेल तेवढाच वेळ राखण करते. कुंपण, त्याची निगा राखली तर, रात्रभर करते. मात्र कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह कधीही सोडू नये. तो माणसाचा व गुरांचा जीव घेतो. वन्य प्राण्यांनी पिकाची नासाडी केल्यास पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईसाठी तत्काळ अर्ज करावा. या कामी ग्रामसेवकाने पुढाकार घ्यावा.

बंदूक घेतलीच, तर एक नियम कधीही मोडू नये. पिकात काहीतरी हलले, म्हणून बार काढू नये. अंधारात हलणारे पीक म्हणजे डुक्करच असे नाही. पाण्याची पाळी द्यायला आलेला शेजारीही तेथे असू शकतो. जनावर पूर्ण दिसल्यावाचून आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्यावाचून बोट चापावर जाता कामा नये.

मग त्या शेतकऱ्याला काय सांगावे? नळ्या निर्दोष, पकड घट्ट, छाप स्पष्ट व चाप दोन असतील, तर साधी, बिननक्षीची बंदूक घेण्यास हरकत नाही. नळ्या शेजारी आहेत की एकावर एक, याला महत्त्व नाही. यांपैकी एकही गोष्ट संशयास्पद असेल, तर दुकानदाराने किंमत निम्मी केली तरी रिकाम्या हाताने घरी परतावे आणि तो पैसा कुंपणाला लावावा.