भीमथडीचे तट्टू आणि त्याचे भाऊबंद

मुलांनो, तुम्ही शाळेत महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणता. कवी राजा बढे यांच्या या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. ही भीमथडी कोठे आहे? आणि तेथील तट्टांना एवढा मान का मिळाला?

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या काठचा प्रदेश म्हणजे भीमथडी. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून वाहत जाते. पूर्वी पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. तट्टू हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतला टट्टू तोच मराठीतला तट्टू. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा.

घोडा कोठेही सारख्याच सुखाने राहत नाही. वसईजवळचे नंदाखाल हे गाव पाहा. समुद्र जवळ, हवा दमट, पाऊस भरपूर. या परिसरात केळीच्या, फुलांच्या आणि भाज्यांच्या वाड्या आहेत. ओल्या, मऊ जमिनीत घोड्याचे खूर नरम पडतात. त्याला मोकळी जागा, कोरडी हवा आणि कठीण जमीन मानवते. म्हणून कोकणात घोड्यांची पैदास फारशी झाली नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, भीमेच्या कोरड्या माळरानावर मात्र घोडा चांगला रुजला.

पण परदेशी घोडे महाराष्ट्रात आले ते कोकणातूनच! अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या प्रवाशाने ठाणे बंदराविषयी एक गमतीची गोष्ट लिहून ठेवली आहे. ठाण्याच्या राजाने समुद्रावरील चाच्यांशी करार केला होता. लुटीतला इतर माल चाच्यांनी घ्यावा, घोडे मात्र राजाला द्यावेत! त्या काळी घोड्याला किती किंमत होती, हे यावरून कळते. पुढे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौल आज रायगड जिल्ह्यात आहे. तो घाट चढून जुन्नरला गेला आणि शेवटी बीदरला त्याने तो घोडा विकला.

असे अनेक परदेशी घोडे घाट चढून वर गेले. अरबी आणि तुर्की घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर झाला आणि त्यातून भीमथडी घोडा तयार झाला, असे मानतात. हा घोडा दिसायला ठेंगणा, पण अंगाने भक्कम असतो. त्याचे खूर कठीण असतात. माळावरच्या सुक्या गवतावर तो गुजराण करतो, आणि ओझे घेऊन खडकाळ वाटा न थकता तुडवतो. मराठ्यांचे सैन्य झपाट्याने हालचाली करी. डोंगरदऱ्यांत उंचापुरा, नाजूक घोडा काय कामाचा? तेथे असे काटक तट्टूच हवे.

या सैन्यात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा स्वतःचा, तो शिलेदार. ज्याला सरकारी घोडा मिळे, तो बारगीर. हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. लगाम, जीन, चाबूक, नाल, रिकीब आणि पागा हे शब्द उच्चारून पाहा. तुमच्या घरच्या भाषेतही ते थोड्याफार फरकाने आहेत. घोड्यांबरोबर शब्दांनीही लांबचा प्रवास केला आहे.

भारताच्या इतर भागांतही घोड्यांच्या वेगवेगळ्या जाती आहेत. गुजरातमधील काठियावाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात. कान ताठ केले की त्यांची टोके एकमेकांना टेकतात. राजस्थानचा मारवाडी घोडा उंच आणि डौलदार असतो. लडाखचा झांस्करी घोडा विरळ हवेतही ओझे घेऊन डोंगर चढतो. मणिपुरी घोडा लहान, पण फार चपळ असतो. त्याच्यावर बसून मणिपुरात खेळला जाणारा खेळ पुढे पोलो म्हणून जगभर गेला. जशी जमीन, जशी हवा आणि जसे काम, तशी घोड्याची जात घडते.

या जाती दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. त्या सर्व मिळून घोड्याची एकच प्रजाती होते. शास्त्रज्ञांनी जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. त्यावरून २०२१ मध्ये असे दिसून आले, की आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज रशियातील व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मैदानांत होते. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी माणसाबरोबर ते तेथून चहूकडे पसरू लागले.

घोड्याचे काही भाऊबंद मात्र रानातच राहिले. मंगोलियात ताखी नावाचा रानघोडा आहे. त्याला प्रझेवाल्स्कीचा घोडा असेही म्हणतात. त्याची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते. १९६९ नंतर तो रानात दिसेनासा झाला. सुदैवाने प्राणिसंग्रहालयांत काही ताखी उरले होते. त्यांची पैदास करून १९९२ पासून त्यांना पुन्हा मंगोलियाच्या मैदानात सोडण्यात आले.

दुसरा भाऊबंद आपल्या शेजारी, गुजरातमध्ये आहे. कच्छच्या लहान रणात रानटी गाढवे राहतात. गुजरातीत त्यांना घुडखर म्हणतात, तर उर्दूत रानगाढवाला गोरखर म्हणतात. त्यांचा रंग वाळूसारखा असून पाठीवर गडद पट्टा असतो. साथीचे रोग आणि माणसाचे अतिक्रमण यांमुळे १९६९ च्या सुमारास ती जेमतेम साडेतीनशे उरली होती. मग त्यांच्यासाठी अभयारण्य करण्यात आले. २०२४ च्या गणनेत त्यांची संख्या ७,६७२ भरली. लडाखमधील कियांग आणि आफ्रिकेतील झेब्रा हेही याच कुळातले. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते. पण खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, कारण घोडा आणि गाढव या दोन वेगळ्या प्रजाती आहेत.

रानातल्या प्राण्याला राखायचे तर त्याचे रान राखावे लागते. पाळीव जातीला मात्र तिचे काम आणि तिची माणसे हवी असतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली. घोडदळे मोडली. इंग्रजांना उंच घोडे हवे होते. ते त्यांनी ऑस्ट्रेलियातून आणले. पुढे मोटारी आल्या. भीमथडीच्या तट्टाला कोणी विचारीनासे झाले. ही जात नामशेष झाली, असेच पुष्कळांना वाटू लागले.

पण ती नामशेष झाली नव्हती. धनगरांनी ती सांभाळली होती. पाऊस संपला की मेंढपाळ धनगर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. काही जण घाट उतरून कोकणातही येतात. त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. हा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो : भांडी, राहुटी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी चालून दमलेली लहान मुलेसुद्धा. राजांच्या पागा रिकाम्या झाल्या, तरी या घोड्याला धनगरांच्या वाड्यात काम होते. म्हणून तो टिकला. २०२३-२४ मध्ये देशी पशूंच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडी घोडा ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली.

मुलांनो, नोंद झाली ही आनंदाची गोष्ट आहे. पण नुसत्या नोंदीने घोडा जगत नाही. त्याला चरायला माळ हवा आणि वाटचालीला वाट हवी. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा रस्त्याने जाताना दिसला, तर थोडे थांबा आणि त्यांना आधी जाऊ द्या. ओझ्याखाली मान हलवीत चाललेले ते ठेंगणे घोडे नीट पाहा. त्यांच्या पूर्वजांनी स्वराज्याचे स्वार वाहिले आहेत.