विश्लेषण : कन्सोल नवा, चित्र सुस्पष्ट; मग गेमर नाराज का?

सोनीने ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ हा कन्सोल ७ नोव्हेंबर २०२४ रोजी बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत होती ७०० डॉलर. एवढे मोजूनही त्यात डिस्क ड्राइव्ह नव्हता, तो वेगळा विकत घ्यायचा. कन्सोल उभा ठेवण्याचा स्टँडही वेगळाच. २०१६ मध्ये आलेला ‘प्लेस्टेशन ४ प्रो’ ४०० डॉलरला मिळत होता आणि त्यात ड्राइव्ह होता. प्लेस्टेशन २ च्या काळापासून मी खेळतो आहे. नवा कन्सोल आला की आधी पैशांची जुळवाजुळव सुरू व्हायची. या वेळी ती करावीशीच वाटली नाही. कारण केवळ किंमत हे नाही.

‘प्रो’मध्ये नेमके नवे काय?

आजचे बहुतेक मोठे गेम दोन पद्धतींनी खेळता येतात. एकात चित्र अधिक रेखीव, पण सेकंदाला ३० फ्रेम. दुसऱ्यात चित्र थोडे साधे, पण ६० फ्रेम, म्हणजे हालचाल सफाईदार. सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनीच सांगितले की, सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू दुसरा पर्याय निवडतात. निवड करावीच लागू नये, दोन्ही एकत्र मिळावे, हे ‘प्रो’चे आश्वासन. त्यासाठी चित्र तयार करण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत वाढवला आहे. शिवाय गेम आधी कमी तपशिलात रेखाटायचा आणि उरलेला तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने भरायचा, अशीही सोय आहे.

तंत्र म्हणून हे उत्तमच आहे. पण घरातल्या ४३ इंची टीव्हीसमोर आठ फुटांवर बसून खेळताना हा फरक कळायला दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. प्लेस्टेशन २ वरून ३ वर गेलो, तेव्हा असे काही करावे लागले नव्हते. खुद्द प्लेस्टेशन ५ मध्ये जाणवलेला मोठा बदल चित्राचा नव्हताच, तो वेगवान स्टोरेजचा होता. आधीच्या पिढीत ‘जीटीए ५’ सुरू करून चहा टाकायला वेळ मिळायचा. आता अनेक गेम काही सेकंदांत सुरू होतात.

भारतात ‘प्रो’चे काय झाले?

मूळ प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. ‘प्रो’ मात्र जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही. त्यातील वाय-फाय ७ साठी लागणारी ६ गिगाहर्ट्झची लहर तेव्हा आपल्याकडे खुली नव्हती. हौशींनी दुबईतल्या नातेवाइकांकरवी मागवला. बिघडला तर काय, हा प्रश्न त्यांनी सोयीस्करपणे पुढे ढकलला.

डिस्कवर एवढा जीव का?

खरी गोम इथे आहे. सोनीचा नवा गेम भारतात ४,९९९ रुपयांना येतो. महिन्याला एक घ्यायचा म्हटला तर वर्षभरात कन्सोलपेक्षा गेमच महाग पडतात. मध्यमवर्गीय घरात हा छंद टिकला तो डिस्कमुळे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ओळखीतला कुणीतरी. गेम घ्यायचा, महिनाभरात संपवायचा, हजार-दीड हजाराचा तोटा सोसून विकायचा आणि त्या पैशांत भर घालून पुढचा घ्यायचा. माझ्या कपाटात आज नऊ डिस्क आहेत, खेळून झालेले गेम त्याच्या तिपटीहून अधिक असतील. भाचा सुट्टीत आला की त्यातल्या दोन पिशवीत टाकून नेतो.

डिजिटल खरेदीत हे सगळे बंद. दुकान एकच, भाव त्याचाच. सेलमध्ये स्वस्ताई असते, हे खरे. पण संपलेला गेम विकता येत नाही आणि भाच्यालाही देता येत नाही. मुळात तो ‘विकत’ घेतलेला असतो का, हाच प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि तो २०२५ पासून लागू झाला : ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ असे शब्द डिजिटल दुकानांना वापरता येत नाहीत.

डिस्क म्हणजे पक्की हमी, असेही नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद केले आणि तो कायम ऑनलाइन चालणारा असल्याने दुकानातून आणलेल्या डिस्कही निरुपयोगी झाल्या. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ साठी येणाऱ्या काही कार्ट्रिजमध्ये तर गेमच नसतो, असते ती फक्त डाउनलोडची किल्ली. आणि आपणही फार सोवळे होऊ नये. प्लेस्टेशन २ च्या काळात चिप बसवलेला कन्सोल आणि कॉपी केलेल्या डिस्क हाच अनेक घरांतला रिवाज होता. मालकीहक्काची चाड आपल्याला जरा उशिराच आली.

गेम तरी चांगले होताहेत का?

होताहेत, पण ‘प्रो’ लागेल असे फारसे नाहीत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आल्याचे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. एवढा पैसा अडकला की धाडस कमी होते. मग जुन्याच गेमच्या नव्या आवृत्त्या येतात, नाहीतर वर्षानुवर्षे खिसा रिकामा करत राहणारे ऑनलाइन गेम. असाच सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. निदान पैसे परत मिळाले. उलट ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम एका माणसाने बनवला आणि तो फोनवरही चालतो. ऑस्ट्रेलियातील छोट्या चमूचा २० डॉलरचा ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा झुंबडीने ऑनलाइन दुकाने कोलमडली. तो प्लेस्टेशन ४ वरही चालतो. गेल्या दोन वर्षांत माझे सर्वाधिक तास या दोन गेमनी खाल्ले.

मग घ्यावा की थांबावे?

पूर्वी थांबणे शहाणपणाचे होते. अमेरिकेत प्लेस्टेशन २ हा २९९ डॉलरवरून काही वर्षांत ९९ वर आला होता. आता गणित उलटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने अमेरिकेत पाच वर्षे जुन्या प्लेस्टेशन ५ ची किंमत ५० डॉलरने वाढवली, ‘प्रो’ही ७५० वर गेला. ४९९ डॉलरचा एक्सबॉक्स सीरीज एक्स त्याच वर्षी दोनदा महागून ६५० वर पोहोचला. चिप पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत, त्यात आयातशुल्काची भर.

त्यामुळे प्लेस्टेशन ५ असेल तर ‘प्रो’साठी जीव टाकण्याचे कारण मला दिसत नाही. अजून प्लेस्टेशन ४ वरच असाल, तर मात्र ‘जीटीए ६’ हे कारण ठरू शकते. दोनदा लांबलेल्या या गेमसाठी कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे आणि तो जुन्या कन्सोलसाठी जाहीर झालेला नाही. सेकंडहँड घेणार असाल तर एक तपासा. २०२३ नंतरच्या सडपातळ डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह पुढे जोडता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला तो जोडताच येत नाही, आणि विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही.