शेगडी तापत नाही: दोष गॅसचा की नळीचा?

गोबर गॅसच्या शेगडीवर तवा ठेवला आणि अर्धा तास झाला तरी भाकरीला पापुद्रा सुटला नाही, तर घरची बाई किती दिवस वाट पाहील? ती मुकाट्याने सरपणाची चूल पेटवते. आठ-पंधरा दिवस असे गेले की संयंत्र ‘बंद पडले’ असे घरात ठरून जाते. शेण पुन्हा उकिरड्यावर आणि धूर पुन्हा माजघरात! बारामती-इंदापूर भागात गोठ्यापाठीमागे गवत उगवलेली अशी संयंत्रे दिसतात. त्यांतली पुष्कळशी फार किरकोळ दोषाने बंद पडलेली असतात. म्हणून गवंडी बोलावण्याआधी घरच्या घरी तपासणी करावी.

आधी टाकीकडे पाहा

पहिला प्रश्न एकच: गॅस आहे की नाही? तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र असेल तर टाकी वर आली आहे का ते पाहावे. १९८४ पासून प्रसारात आलेले विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र असेल तर मळी बाहेर पडते त्या कुंडीतील पातळी पाहावी. गॅस साठला की ती वर चढते. टाकी वर आहे आणि शेगडी तापत नाही, तर दोष शेगडीत किंवा नळीत आहे. टाकी खाली बसली असेल, तर गॅस गळतो आहे किंवा तयारच होत नाही.

गॅस आहे, पण ज्योत नाही

शेगडीपासून सुरुवात करावी. बर्नर काढून त्याची भोके पाहावीत. उतू गेलेले दूध आणि भाकरीचे पीठ तिथे जळून बसते. ते ब्रशने घासून काढावे. जेटचे भोक बारीक तारेने साफ करावे, पण मोठे करू नये. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर हवा कमी पडते, म्हणून हवेची चकती थोडी उघडावी. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन विझत असेल तर चकती थोडी मिटावी. सिलिंडरच्या गॅसची शेगडी तशीच जोडली असेल तर ती नीट चालणार नाही. तिचे जेट जास्त दाबाच्या गॅससाठी बारीक केलेले असते.

ज्योत भुकभुक करत असेल तर नळीत पाणी साचले आहे असे समजावे. गॅसबरोबर येणारी वाफ थंड होऊन नळीच्या सखल भागात साठते आणि वाट अडवते. तिथली पाणी काढायची तोटी आठवड्यातून एकदा उघडावी. तोटी नसेल तर बसवून घ्यावी आणि नळीचा उतार तिच्याकडे ठेवावा. रबरी नळी कुठे मुडपली किंवा उंदराने कुरतडली आहे का, तेही पाहावे.

गॅस गळतो का?

यासाठी दोन रात्री द्याव्यात. पहिल्या रात्री टाकीजवळचा कॉक बंद करून टाकीवर किंवा कुंडीच्या भिंतीवर खडूने खूण करावी. सकाळी पातळी चांगली वर आली तर संयंत्र ठीक आहे. दुसऱ्या रात्री टाकीजवळचा कॉक उघडा ठेवून फक्त शेगडीचा बंद करावा. आता पातळी वर आली नाही, तर गळती नळीत आहे. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावावा. जिथे बुडबुडे येतील तिथे दोष. गळती शोधायला काडी कधीही पेटवू नये.

गॅसच होत नाही

दोन्ही रात्री पातळी हलली नाही आणि टाकीवर फेस लावूनही बुडबुडे आले नाहीत, तर शेणाचा हिशेब मांडावा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते. एक बर्नर तासाला सुमारे ४५० लिटर गॅस खातो, म्हणजे पूर्ण शेण घातले तर एक बर्नर चार तासांवर चालतो. दोन जनावरे विकली आणि शेण निम्म्यावर आले, तर शेगडीही दोनच तास चालणार. जिरायत भागात दुष्काळी सालात जनावरे छावणीला गेली की हेच होते. तो दोष शेगडीचा नव्हे.

बागायत भागात उलटी तऱ्हा. संकरित गाईंचा गोठा धुतलेले सगळे पाणी कुंडीत सोडतात आणि शेणकाला पातळ होतो. शेण आणि पाणी समसमान असावे. फिनेल, साबणाचे पाणी आणि औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे शेण आत जाऊ देऊ नये, कारण गॅस करणारे जिवाणू त्याने मरतात. देहूचे डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांचा प्रसार केला. तसे संयंत्र असणाऱ्यांनी शौचालय धुताना ॲसिड वापरू नये.

पौष-माघाच्या थंडीत गॅस कमी होतोच. उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवून दुपारी घालावे आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. टाकी भरूनही गॅस पेट घेत नसेल, तर आत कर्बवायू जास्त झाला आहे. काही दिवस शेण थांबवावे आणि शेजारच्या चालू संयंत्रातील काही बादल्या मळी आत घालावी.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. संयंत्राच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. आतला दोष जाणकाराकडूनच काढून घ्यावा.

बाकीची तपासणी घरातील कोणीही करू शकेल. त्यासाठी तार, खडू आणि साबण एवढेच सामान लागते, आणि ते घरातच असते.