यंत्र आपलं कधी होतं? तारापूर आणि ब्रह्मोस

बोईसर स्थानकातून पश्चिमेला निघालं की औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने मागे पडतात आणि समुद्रकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. पालघर जिल्ह्याचा हा किनारा ब्रह्मोसच्या चाचण्यांसाठी ओळखला जात नाही. त्या होतात ओडिशातल्या चांदीपूरला, राजस्थानात पोखरणला आणि समुद्रात युद्धनौकांवरून. तरीही या स्वनातीत क्रूझ क्षेपणास्त्राची गोष्ट नीट समजून घ्यायची तर सुरुवात तारापूरपासून केलेली बरी. दोन्ही यंत्रांचं मूळ परदेशात आहे, आणि दोन्हींबाबत वाद एकच आहे: विकत घेतलेलं किंवा भागीदारीत मिळालेलं यंत्र आपलं केव्हा म्हणायचं? लोकार्पणाची फीत कापली तेव्हा, की त्याचे सुटे भाग देशात तयार होऊ लागले तेव्हा? या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत असं मला वाटतं. यंत्र अडलं, तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे आपल्याच माणसांना उमगलं पाहिजे आणि पुरवठादाराने पाठ फिरवली तरी काम चालू राहिलं पाहिजे. तोवर ते आपल्या घरात उभं असतं, पण आपलं झालेलं नसतं.

तारापूरचे पहिले दोन संच या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या जवळपास तयार अवस्थेत हाती दिल्या आणि ऑक्टोबर 1969 मध्ये त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची क्षमता 210 मेगावॉट. इंधन म्हणजे समृद्ध युरेनियम, आणि तेही अमेरिकेतूनच येणार होतं. 1974 च्या पोखरण अणुस्फोटानंतर या व्यवस्थेला तडे गेले. 1978 च्या अमेरिकी कायद्याने पुरवठा आणखी अडला आणि 1982 मध्ये फ्रान्सकडे वळावं लागलं. पुढे चीन आला, मग रशिया. यंत्राची दुखणीही कमी नव्हती. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ती जनित्रं वापरातून काढावी लागली आणि क्षमता 160 मेगावॉटवर आली. पण हाच काळ शिकण्याचाही ठरला. किरणोत्सारी भागात दुरुस्ती कशी करायची, जुन्या नळ्यांची तपासणी कशी करायची, हे इथल्या अभियंत्यांनी गरजेपोटी आत्मसात केलं. प्लुटोनियम आणि युरेनियम यांचं मिश्र इंधन तारापुरातच तयार करून 1990 च्या दशकात याच अणुभट्ट्यांत वापरून पाहण्यात आलं. म्हणजे यंत्र आपलं झालं ते 1969 मध्ये नव्हे, तर त्यानंतरच्या अडचणीच्या वर्षांत.

ब्रह्मोसचा करार फेब्रुवारी 1998 मध्ये झाला. भारताकडून स्वाक्षरी करणारे होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. तयार माल विकत न घेता संयुक्त कंपनी काढायची, भारताचा वाटा 50.5 टक्के आणि रशियाचा 49.5 टक्के, असं ठरलं. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्कवा या नद्यांच्या नावांतून क्षेपणास्त्राचं नाव घडलं. त्याचा मूळ आराखडा रशियाच्या ओनिक्स क्षेपणास्त्राचा. सुरुवातीला इंजिन आणि लक्ष्य शोधणारा सीकर रशियाचा, तर दिशादर्शन, संगणक प्रणाली आणि डागण्याची नियंत्रण यंत्रणा भारताची, अशी ढोबळ वाटणी होती. तारापूरला जे नाइलाजाने शिकावं लागलं, ते इथे करारातच लिहिलेलं होतं. 12 जून 2001 रोजी चांदीपूरहून पहिली चाचणी यशस्वी झाली. ती या कामाची केवळ सुरुवात होती.

इथे चाचणीला एवढं महत्त्व का, हे यंत्राच्या रचनेतच दिसतं. ब्रह्मोसचं मुख्य इंजिन रॅमजेट आहे. विमानाच्या इंजिनात हवा दाबण्यासाठी फिरती पाती असतात. रॅमजेटमध्ये ती नसतात, इंजिनाच्या वेगामुळेच हवा आत दाबली जाते. साहजिकच उभ्या जागी ते सुरूच होत नाही. आधी घन इंधनाचा बूस्टर क्षेपणास्त्राला ध्वनीपेक्षा अधिक वेग देतो, मग तो गळून पडतो आणि द्रव इंधनावर रॅमजेट पेट घेतं. पुढे वेग ध्वनीच्या सुमारे 2.8 पटींवर जातो, सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर. बूस्टर, रॅमजेट, दिशादर्शन आणि सीकर जमिनीवर वेगवेगळे तपासता येतात, पण एकाच्या कामातून दुसऱ्याचं काम कसं सुरू होतं ते उड्डाणातच कळतं. अणुभट्टीची शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवता येते, शंका आली तर थांबता येतं. इथे 290 किलोमीटरचा सगळा प्रवास पाच-सहा मिनिटांत संपतो आणि तपासायला यंत्र परत येत नाही. हाती राहतात त्या रडारच्या आणि दूरमापनाच्या नोंदी. त्या वाचता येणं हीच या विद्येतली खरी मालकी.

20 जानेवारी 2009 रोजी पोखरणला जमिनीवरील लक्ष्यासाठीच्या नव्या आवृत्तीचा नेम चुकला. त्रुटी शोधून सुधारणा झाली आणि 4 मार्चला त्याच आवृत्तीने लक्ष्य गाठलं. दीड महिन्यातली ही दुरुस्ती मला पहिल्या यशापेक्षा महत्त्वाची वाटते. त्यानंतर एकेक परका अवयव बदलत गेला: मार्च 2018 मध्ये भारतीय सीकर, सप्टेंबर 2020 मध्ये भारतीय बूस्टर आणि सांगाडा, आणि प्रत्येक बदलासाठी नवी चाचणी. महाराष्ट्राचा हात या कामात ठळक आहे. सांगाड्याचे धातूचे भाग विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात. माझगाव गोदीत बांधलेल्या विनाशिका ब्रह्मोस घेऊन फिरतात. विमानातून सोडायची आवृत्ती अडीच टनांची, ती सुखोईच्या पोटाखाली टांगायची तर विमानाचाच सांगाडा बळकट करावा लागला. हे काम नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केलं. जून 2016 मध्ये क्षेपणास्त्रासह पहिलं उड्डाण तिथूनच झालं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये बंगालच्या उपसागरावर ते प्रत्यक्ष डागलं गेलं.

यावर पहिला आक्षेप असा की मूळ आराखडा रशियाचा असताना ही सगळी उसनी ऐट आहे. आराखडा परका आहे हे मान्यच आहे. पण मालकी जन्मदाखल्यावरून ठरवली, तर तारापूरचे तिसरा आणि चौथा हे संचही आपले ठरणार नाहीत, कारण जड पाण्याच्या अणुभट्ट्यांची वाट आपल्याला कॅनडाने दाखवली. तरीही 2005-06 मध्ये सुरू झालेले 540 मेगावॉटचे हे दोन संच भारतीय अभियंत्यांनीच आखले आणि उभारले. दुसरा आक्षेप पल्ल्याचा: 290 किलोमीटरवर अडलेलं क्षेपणास्त्र कसलं स्वतंत्र? हा आकडा विज्ञानाने घातलेला नव्हता. 300 किलोमीटरपलीकडचं तंत्रज्ञान बाहेर देण्यावर निर्बंध घालणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. रशिया तिचा सदस्य होता, भारत नव्हता. जून 2016 मध्ये भारत सदस्य झाला आणि मार्च 2017 मध्ये 400 किलोमीटरहून अधिक पल्ल्याची चाचणी पार पडली. अवघ्या नऊ महिन्यांत हे जमलं, कारण यंत्र आतून माहीत होतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो सहज मोडून काढता येत नाही. यंत्र आपलं झालं म्हणजे त्याची किंमतही आपलीच होते. मार्च 2022 मध्ये एक भारतीय क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. ते ब्रह्मोस होतं. चौकशीत ठरलेल्या कार्यपद्धतीचा भंग आढळला आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. यंत्राच्या कितीही चाचण्या झाल्या तरी ते हाताळणाऱ्या व्यवस्थेची परीक्षा त्यांत होत नाही, हे त्या दिवशी उघड झालं. तारापुरातही हेच दिसतं. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि पुनर्वसनाची तक्रार घेऊन माणसांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पहिल्या दोन संचांच्या दुखण्यांसाठी अमेरिकेकडे बोट दाखवायची सोय होती. स्वदेशी संचांपायी घर गमावलेल्या माणसाला ‘हे बाहेरच्यांनी केलं’ असं सांगता येत नाही, आणि मियां चन्नूचा जाबही रशियाला विचारता येत नाही. यंत्र अडलं तर दोष कुठे आहे हे आपल्याला कळलं पाहिजे, अशी कसोटी सुरुवातीला लावली होती. तिचा दुसरा अर्धा भाग असा, की तो दोष आपलाच निघाला तर तो मान्यही करता आला पाहिजे.