लिंबूटिंबूचा डाव संपला!

लहानपणी आपण सगळ्याच कधी ना कधी लिंबूटिंबू होतो. लगोरी असो की डबा ऐसपैस, मोठी भावंडं आईच्या धाकाने आपल्याला खेळायला घ्यायची आणि वर जाहीर करायची, ‘ही लिंबूटिंबू हं!’ म्हणजे पळायचं, दमायचं, गुडघे फोडून घ्यायचे. पण आउट झालं तरी आउट नाही आणि जिंकलं तरी जिंकलं नाही. सहाव्या वर्षी त्याचं काही वाटत नाही. पण मैत्रिणींनो, चाळिशी उलटते, मुलं कॉलेजात जातात, तरी हे लिंबूटिंबूपण काही आपला पिच्छा सोडत नाही. निदान खेळाच्या बाबतीत तरी नाहीच.

हे सगळं सुचलं ते पूलमुळे. पोहायचा पूल नव्हे, आणि कल्याणचा पत्री पूल तर नव्हेच! हिरव्या कापडाचं टेबल, सहा खिसे, हातात लांब काठी आणि रंगीत चेंडू, तो पूल.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बाईचा या खेळाशी संबंध आला असेल तो एवढाच, की ‘मुलगा क्लासला जातो म्हणून सांगतो आणि पूल पार्लरमध्ये बसतो.’ स्टेशनजवळच्या एखाद्या इमारतीचं तळघर, काळ्या काचा, आत सिगरेटचा धूर. ऑक्टोबर २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली तेव्हा धूर जरा कमी झाला, पण बाई काही त्या पायऱ्या उतरली नाही. मग ठाण्याला घोडबंदर रोडवर, कल्याणला खडकपाड्याकडे, डोंबिवलीबाहेर शिळफाट्याच्या रस्त्याला मोठमोठी संकुलं उभी राहिली. त्यांच्या क्लब हाऊसमध्ये कॅरम, टेबल टेनिस आणि बऱ्याच ठिकाणी पूलचं टेबलही आलं. मेंटेनन्सचे पैसे तर आपणही भरतोच की! तेव्हा मुलांना शोधायला म्हणून गेलेल्या बायका हळूच काठी हातात घेऊन बघू लागल्या.

अशा काही जणींना मी एकच प्रश्न विचारला. खेळताना मिळालेली कुठली दाद तुमच्या लक्षात राहिली? मला वाटलं होतं, ‘वा, काय शॉट मारलात!’ असं काहीतरी ऐकायला मिळेल. पण उत्तरं फार वेगळी आली.

त्याआधी खेळाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. आपल्याकडे सर्रास खेळतात तो ‘एट बॉल’. पांढरा चेंडू सोडून पंधरा चेंडू असतात. एक ते सात एकरंगी, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे आणि आठ नंबरचा काळा. एकाने एकरंगी घालवायचे, दुसऱ्याने पट्ट्यांचे. आपले सातही गेले की मगच काळ्याला हात घालायचा. घाईत काळा आधी गेला तर डाव हरलात! काठी लावायची ती फक्त पांढऱ्याला, आणि पांढराच खिशात गेला तर फाऊल. कॅरम खेळलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. स्ट्रायकर सोंगटीला कुठे लागला म्हणजे ती कुठे जाईल, कडेवर आपटून कशी परत येईल, हा हिशेब आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅलरीत बसून पाठ केलेलाच असतो.

आणि या खेळाला ताकद लागत नाही. पाय जरा फाकून उभं राहायचं, हनुवटी काठीजवळ आणायची, डाव्या हाताच्या बोटांचा भक्कम टेकू करायचा आणि उजवा हात कोपरापासून लंबकासारखा हलवायचा. पांढऱ्याला मधोमध मारलं, खाली मारलं की वर मारलं, यावर तो पुढे थांबेल, मागे येईल की पुढे पळेल हे ठरतं. जोर काढणाऱ्याचे चेंडू टेबलभर सैरावैरा पळतात. हात हलका असलेल्याचा पांढरा पुढच्या शॉटला हव्या त्या जागी जाऊन बसतो. रोज पातळ फुलके लाटणाऱ्या हाताला हलकेपणा काय शिकवायचा!

तर आता उत्तरं. डोंबिवलीतल्या एका संकुलात राहणाऱ्या काकू आहेत. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. सोसायटीतल्या दहावी-अकरावीच्या मुलांबरोबर खेळतात. सुरुवातीला मुलं त्यांना फार सांभाळून घ्यायची. पांढरा खिशात गेला, ‘असू दे काकू, परत मारा.’ भलत्याच चेंडूला लागला, ‘चालेल काकू.’ एक दिवस शॉट मारताना काकूंच्या ओढणीचं टोक शेजारच्या चेंडूला लागलं. चेंडू जेमतेम हलला. समोरचा मुलगा म्हणाला, ‘काकू, फाऊल. कपडा लागला तरी फाऊल असतो.’ बाकीची पोरं गप्प. काकूंनी मुकाट्याने काठी खाली ठेवली आणि पांढरा चेंडू त्याच्या हातात दिला. ‘त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माझ्याशी खेळतोय,’ काकू म्हणाल्या. ‘तोवर तो मला खेळवत होता.’ दुसऱ्या दिवसापासून काकू ओढणीला दोन्ही बाजूंनी पिना लावून येऊ लागल्या.

फाऊल दिला, हीच दाद! मी चाटच पडले.

कल्याणच्या एका सूनबाईंची गोष्ट आणखी वेगळी. सासरे रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी ते रेल्वेच्या क्लबात बिलियर्ड्स खेळलेले. माणूस अबोल. पंधरा वर्षांत आमटीला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. क्लब हाऊसमध्ये सुनेचा खेळ बघत ते कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. एकदा तिने कडेला आपटून अवघड कोनातला चेंडू अलगद खिशात घातला. कुणी काही बोललं नाही. फक्त टक टक असा आवाज आला. तिने वळून पाहिलं तर बाबा टेबलाच्या लाकडी कडेवर बोटांनी दोनदा वाजवत होते. परत पेपरात डोकं. तिला त्याचा अर्थही कळला नाही. घरी गेल्यावर नवऱ्याने सांगितलं.

या खेळातली ही जुनी रीत आहे. खेळणाऱ्याची एकाग्रता मोडू नये म्हणून टेबलाजवळ शांतता पाळायची असते. म्हणून समोरच्याचा शॉट आवडला की खेळाडू टेबलाच्या कडेवर हाताने नाहीतर काठीने हळूच वाजवतात. गाण्याच्या बैठकीत जाणकार नुसती मान हलवतात ना, तसंच. सूनबाई म्हणाल्या, ‘आमटीचं मी मनावर घेणं सोडून दिलं. ती टकटक मला पुरते.’

ठाण्याची एक मैत्रीण आयटी कंपनीत आहे. ऑफिसच्या पार्टीत पूल खेळली आणि तीन जणांना ओळीने हरवलं. चौथा म्हणाला, ‘बायकांच्या मानाने खूपच छान खेळतेस!’ आता हेही कौतुकच. पण तिला ते ताटात आलेल्या खड्यासारखं लागलं. तिने हसून विचारलं, ‘आणि तू पुरुषांच्या मानाने कसा खेळतोस?’ तिच्या लक्षात राहिली ती दाद दुसऱ्याचीच, हरलेल्या तिघांपैकी एकाची. तो खडू काठीच्या टोकाला घासत परत आला आणि म्हणाला, ‘अजून एक डाव?’ बस्स! परत खेळायला बोलावणं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

या ‘बायकांच्या मानाने’चा इतिहास मोठा आहे बरं का! आणि गंमत म्हणजे, पूलच्या थोरल्या भावंडाचं, स्नूकरचं नावच मुळी लिंबूटिंबूवरून पडलंय. हा खेळ जन्मला आपल्याच देशात, जबलपूरला, १८७५ मध्ये. तिथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाचा ब्रिटिश अधिकारी होता. पुढे त्याच नावाचे पंतप्रधान झाले ते वेगळे. तेव्हा लष्करी विद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या नवख्या पोराला ‘स्नूकर’ म्हणून हिणवायचे. समोरच्याचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेन त्याला तेच म्हणाला, आणि मग ‘या खेळात आपण सगळेच स्नूकर’ अशी त्याने सारवासारव केली, असं सांगतात. टोमण्याचं नाव झालं आणि ते जगभर गेलं.

पुढे याच कुळातल्या बिलियर्ड्सने आपल्याला मोठा मान दिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. मग मुंबईच्या मायकेल फरेरांनी तीनदा ते अजिंक्यपद आणलं. पण या सगळ्यात बाई कुठे होती?

ती होती, फक्त दारात उभी होती. जपानच्या मसाको कात्सुराचंच पाहा ना. जन्म १९१३ चा. वडील लवकर गेले, म्हणून ती मोठ्या बहिणीकडे राहायला गेली. मेहुण्याचं बिलियर्ड्सचं पार्लर होतं. तिथे काम करता करता पोर खेळायला शिकली आणि भल्याभल्यांना हरवू लागली. लग्नानंतर १९५१ मध्ये ती अमेरिकेत गेली. वेल्कर कॉक्रन नावाच्या नामांकित माजी जगज्जेत्याने तिचा खेळ पाहिला आणि १९५२ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिला थेट पुरुषांच्या बरोबरीने उतरवलं. बिलियर्ड्सच्या जागतिक किताबासाठी खेळलेली ती पहिली स्त्री. दहा जणांत सातवी आली, म्हणजे तिघे तिच्या खाली! तिचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ भेटली असतील, पण कॉक्रनने तिचं नाव यादीत घातलं, त्या दादीची सर कशाला यायची?

आपल्याकडची बंगळुरूच्या उमादेवींची गोष्ट तर प्रत्येक नोकरदार बाईने ऐकावी अशी. त्या सरकारी खात्यात टायपिस्ट. ऑफिसनंतर कर्मचाऱ्यांच्या क्लबात टेबल टेनिस खेळायला जायच्या. तिथे नंबरच लागेना, म्हणून शेजारच्या बिलियर्ड्सच्या टेबलाकडे वळल्या. तेव्हा वयाची तिशी आलेली. २०१२ मध्ये त्या महिलांच्या बिलियर्ड्सच्या जगज्जेत्या झाल्या. बंगळुरूचीच विद्या पिल्लै २०१७ मध्ये महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हाँगकाँगच्या एन्ग ऑन यीकडून सहा-पाच अशी, म्हणजे अगदी शेवटच्या फ्रेमला हरली. आणि पूल खेळून पुढे आलेली स्कॉटलंडची मिकेला टॅब २००९ मध्ये जागतिक स्नूकरच्या अंतिम सामन्याची पंच झाली, पुरुषांच्या! असा अंतिम सामना चालवणारी ती पहिली बाई. म्हणजे ‘फाऊल’ म्हणायचा अधिकारच बाईच्या हातात आला की!

हे ऐकून आमच्या डोंबिवलीच्या काकू खूश झाल्या. ‘जगज्जेती बिगज्जेती काही व्हायचं नाही गं मला,’ म्हणाल्या, ‘पण संध्याकाळी सात ते आठ कुकरची शिट्टी मोजायची नाही, एवढं ठरवलंय.’ खरी मेख इथेच आहे. टेबल आहे, काठी आहे, पण तो एक तास आपला आहे असं म्हणायला आपणच कचरतो. नवरा खेळायला गेला की ‘जरा मोकळा होऊन येतो’ आणि आपण गेलो की ‘आज जेवायला उशीर का?’ आणि मग गेलोच, तर हसत-खिदळत, ‘मला कुठे येतंय!’ असं आधीच जाहीर करून टाकतो. म्हणजे दुसऱ्या कुणी करायच्या आत आपणच स्वतःला लिंबूटिंबू करून मोकळ्या!

तेव्हा मैत्रिणींनो, खेळायला जाल तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. पहिली, ‘मला येत नाही’ हे वाक्य घरी ठेवून जा. ‘मी शिकतेय’ म्हणा, खरं तेच आहे. दुसरी, फाऊल झाला की स्वतःहून सांगा आणि समोरच्याचाही तितक्याच सरळपणे दाखवा. सवलत घेतली की ती पुढच्या डावात फेडावी लागते. आणि तिसरी, दाद द्यायची तर नेमकी द्या. ‘छान छान’ काय, कुणीही म्हणतं. ‘तो कडेचा चेंडू हळू मारलास म्हणून गेला’ असं सांगितलं, की समोरचीला कळतं, आपल्याकडे कुणीतरी खरंच लक्ष देऊन बघितलं. शेजारणीला, सुनेला, लेकीला अशी दाद देऊन पाहा. पूल नसेल तर कॅरमवर द्या, कॅरम नसेल तर भाकरीवर द्या. नेमक्या शब्दांची भूक सगळ्यांनाच असते.

आणि हरलात तर? खुशाल हरा. फक्त हरणं खरं असू द्या, कुणी दयेने जिंकवलेलं नको.