लवंगतेलातली पिसू

पिसूची स्लाइड तयार झाली की तिच्या दोन्ही कडांना एकेक चिठ्ठी लागते. एका चिठ्ठीवर गाव, तारीख, कोणत्या प्राण्याच्या अंगावर सापडली आणि कोणी गोळा केली. दुसरीवर नाव : झेनोप्सिला चिओपिस, आणि पुढे कंसात रॉथ्सचाइल्ड, १९०३. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत हे नाव मी इतक्या वेळा लिहिलं की झोपेतही हात चालला असता. हा रॉथ्सचाइल्ड कोण, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून प्लेगची बातमी आली, पाठोपाठ सुरतेची. आमच्या लॅबमध्ये उंदरांच्या पिंजऱ्यांची रीघ लागली. पिंजरा कापडी पिशवीत घालून तोंड बांधायचं, आत क्लोरोफॉर्मचा बोळा सोडायचा. उंदीर आणि पिसवा, दोन्ही निपचित पडत. मग पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेवर उंदीर धरून बारीक दातांच्या फणीनं केस उलटे विंचरायचे. तिळाहून लहान, तांबूस पिसवा ट्रेमध्ये गळत. त्या ओल्या ब्रशच्या टोकानं टिपून अल्कोहोलच्या नळीत टाकायच्या. दर उंदरामागे सरासरी चिओपिस किती, हा आकडा एकाच्या वर गेला की धोका.

पण पिसू चिओपिसच आहे हे ठरवायचं कसं? सगळा वेळ त्यातच जाई. पिसू रात्रभर कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवली की पोटातलं सगळं विरघळतं, उरतं ते फक्त कवच, मधाच्या रंगाचं आणि आरपार दिसणारं. ती पाण्यानं धुवायची, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलातून एकेक पायरी न्यायची आणि शेवटी लवंगतेलात सोडायची. त्या तेलाच्या वासानं मला आजी आठवायची. दाढ दुखली की ती कापसाच्या बोळ्यावर तेच तेल घेऊन बसायची. मग काचेवर कॅनडा बाल्समचा थेंब, त्यात पिसू कुशीवर, पाय वर करून. वरची पातळ काच एका कडेनं टेकवत हळूहळू खाली सोडायची, नाहीतर बुडबुडा नेमका पोटावर बसतो. मादीच्या पोटात गडद, आकडीसारखा शुक्रकोश दिसतो. चिओपिसचा आकार वेगळा, त्याच वंशातल्या अॅस्टिया या पिसूचा वेगळा. बाकी दोघी जवळजवळ सारख्याच.

एकदा घाईत मी एका नळीवर चिठ्ठी लावायची विसरलो. चाळीसेक पिसवा होत्या, छान निवडलेल्या. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी ती नळी उजेडात धरली, "कुठल्या?" एवढंच विचारलं आणि माझ्यासमोर रिकामी केली. गाव माहीत नसलेली पिसू म्हणजे कचरा, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच संध्याकाळी बाईंनी मला कंस समजावला. अॅस्टियापुढेही रॉथ्सचाइल्ड, १९११ असं लिहायचं, पण कंसाशिवाय. नाव देणाऱ्यानं जी प्रजाती आधी दुसऱ्या वंशात घातली होती आणि नंतर हलवली गेली, तिला कंस. चिओपिस आधी प्युलेक्स होती. "आणि हा माणूस," बाई म्हणाल्या, "बँकवाला होता."

लंडनचं रॉथ्सचाइल्ड घराणं पेढीवाल्यांचं. त्यातला थोरला वॉल्टर लहानपणापासून किडे, पक्षी जमवायचा. एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला लंडनजवळच्या ट्रिंग गावी म्युझियम बांधून दिलं आणि १८९२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. पक्ष्यांच्या तीन लाख कातड्या, वीस लाखांवर फुलपाखरं आणि पतंग. त्याच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. १९३२ मध्ये पैशाच्या ओढाताणीत त्यानं बहुतेक सगळे पक्षी न्यूयॉर्कच्या म्युझियमला विकले, हे वाचताना माझ्याही पोटात तुटलं. पण माझं मन रमतं ते धाकट्या चार्ल्समध्ये. तो पेढीवर रोज कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात पिसवा बघायचा. जगभरातून नळ्या मागवायचा. सुमारे ५०० नव्या प्रजातींची वर्णनं त्यानं केली. नाईलकाठच्या शेंडी या गावाजवळ सापडलेल्या एका पिसूला त्यानं पिरॅमिड बांधणाऱ्या चिऑप्स राजाचं नाव दिलं.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. पुढच्या काही दशकांत देशभरात एक कोटीवर माणसं दगावली. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसूवर बोट ठेवलं, पण फारसं कोणी मानलं नाही. १९०५ नंतर प्लेग कमिशननं मुंबईत गिनीपिगचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवले. पिसूच्या उडीच्या टप्प्यातले प्राणी आजारी पडले, टप्प्याबाहेर टांगलेले वाचले. तेव्हा भारतातल्या उंदरांवरची बहुतेक पिसू एकच, चिओपिस, असं धरलेलं होतं. चार्ल्सनं १९११ मध्ये अॅस्टिया वेगळी काढली. मग कोलंबोतले संशोधक हर्स्ट यांनी पाहिलं, तर त्यांच्याकडच्या उंदरांवर मुख्यतः अॅस्टिया, आणि ती प्लेग फार कमी पसरवते. मुंबई होरपळत असताना मद्रास बरंच का बचावलं, याचं एक मोठं कारण त्या इवल्या आकडीच्या आकारात होतं.

चार्ल्स १९२३ मध्ये गेला. त्याची मुलगी मिरियम तेव्हा पंधरा वर्षांची. ती कधी शाळेत गेली नव्हती. ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या वडिलांच्या पिसवांची सचित्र सूची हॉपकिन्स यांच्या जोडीनं करायला तिनं घेतली. पहिला खंड १९५३ चा, पाचवा १९७१ चा. पिसू एवढी उंच उडते कशी, हेही तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी शोधलं : पायाच्या मुळाशी रबरासारख्या एका प्रथिनाची गादी असते, तीत ताण साठतो.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा तिच्यामागे लागून ट्रिंगला जाऊन आलो. लाकडी चौकटींच्या उंच काचकपाटांत अस्वलं, झेब्रे, पक्षी दाटीनं उभे. लोक गर्दी करतात ते मेक्सिकोत कपडे चढवलेल्या पिसवांपाशी. मीही भिंगातून बघितल्या. इतक्या लहान कपड्यांना टाके कोणी घातले असतील, हे नवल वाटलंच. पण माझी नजर कपड्यांखालचं अंग शोधत होती. ती कुठली पिसू, ते काही दिसेना.

मिरियमबाईंच्या सूचीचा पहिला खंड आमच्या लॅबच्या कपाटात होता. झेनोप्सिला त्यातच आहे. कितीतरी हातांनी उलटून चिओपिसचं पान सैल झालेलं, शुक्रकोशाच्या चित्राशेजारी तेलाचा पिवळा डाग. निवृत्तीच्या आठवड्यात मी ते पान एकदा नाकाशी धरलं. लवंगेचा वास अजून होता.