शिक्षा भोगून आलेल्या खेळाडूला दुसरी संधी द्यावी का?

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून मायकेल विकची नेमणूक केली. कृष्णवर्णीयांना इतर विद्यापीठांची दारे बंद होती त्या काळात त्यांच्यासाठी ज्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी हे एक विद्यापीठ. आणि विक म्हणजे कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल तुरुंगवास भोगलेला खेळाडू. अशा माणसाच्या हाती तरुण मुले सोपवावीत का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला. आपल्याकडे या माणसाचे नाव फारसे कुणाला माहीत नाही. पण गुन्हा केलेल्या, शिक्षा भोगलेल्या माणसाशी समाजाने कसे वागावे याचा विचार करायला त्याच्याइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

विकचा जन्म 1980 चा, न्यूपोर्ट न्यूज या शहरातला. गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरांच्या वस्तीत तो वाढला. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात. चेंडू कुणाकडे फेकायचा, चाल कशी करायची हे मैदानावर ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. ही डोक्याची जागा, ती कृष्णवर्णीयांना झेपणार नाही, त्यांनी फक्त पळावे, असा समज तिथे कित्येक वर्षे पक्का होता. (असला समज कुठून येतो हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) 2001 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक विक ठरला. 2004 च्या अखेरीस अटलांटा फाल्कन्स या संघाने त्याच्याशी दहा वर्षांसाठी 13 कोटी डॉलरचा करार केला. तेव्हाच्या लीगमधला हा सर्वांत मोठा करार होता.

एप्रिल 2007 मध्ये अमली पदार्थांच्या एका तपासात पोलिसांनी विकच्या मालकीच्या एका ग्रामीण घरावर धाड टाकली. तिथे साठहून अधिक कुत्री सापडली, बहुतेक पिटबुल जातीची. झुंजी लावायचे, त्यावर पैसे लावायचे, हा धंदा तिथे काही वर्षे चालला होता. जी कुत्री झुंजायला नालायक ठरली, त्यांतल्या काहींना फासावर लटकवून किंवा पाण्यात बुडवून मारले गेले. आधी विकने हात झटकले. साथीदारांनी कबुली दिल्यावर ऑगस्टमध्ये त्यानेही गुन्हा कबूल केला. डिसेंबर 2007 मध्ये न्यायालयाने त्याला 23 महिन्यांची शिक्षा दिली. साथीदारांना झालेल्या 18 आणि 21 महिन्यांपेक्षा ही जास्त होती, कारण त्याने जबाबदारी पूर्ण स्वीकारल्याचे न्यायाधीशांना पटले नव्हते. दीड वर्ष तो कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात होता. तिथे असतानाच 2008 मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली.

मे 2009 मध्ये तो घरकैदेवर बाहेर आला आणि काही दिवस एका बांधकाम कंपनीत तासाला 10 डॉलरवर कामाला होता. जुलैमध्ये एनएफएलने अटी घालून त्याला परत घेतले, ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने करार केला. संघाच्या दारात निदर्शने झाली. 2010 च्या हंगामात त्याने असा काही खेळ केला की उत्तम पुनरागमनाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. त्या वर्षाच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी ईगल्सच्या मालकांना फोन करून संधी दिल्याबद्दल कौतुक केले. सुटून आलेल्या कैद्यांना समान संधी क्वचितच मिळते, असे त्यांचे म्हणणे असल्याचे तेव्हा छापून आले. त्यावर टकर कार्लसन या गोऱ्या दूरचित्रवाणी निवेदकाने विकला खरे तर मृत्युदंडच द्यायला हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. कुत्र्यांवरचा अत्याचार क्रूरच होता, त्यात दुमत नाही. पण त्यासाठी माणसाचा जीव मागण्याइतका राग कोणत्या रंगाच्या आरोपीवर निघतो, हेही पाहावे लागते.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कुत्र्यांची गोष्ट. झुंजीतून सोडवलेली कुत्री सुधारत नाहीत, ती माणसांत ठेवण्याजोगी नसतात, म्हणून त्यांना मारून टाकावे, असा तोवरचा शिरस्ता होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संघटनाही तेच म्हणत होत्या. या खटल्यात मात्र न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करवली आणि बहुतेक कुत्री वाचली. 22 कुत्री युटा राज्यातल्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेच्या आश्रयस्थानी गेली, बाकीची निरनिराळ्या संस्थांमार्फत माणसांच्या घरी गेली. त्यांच्या सांभाळासाठी विककडून नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतली गेली. पुढे 2009 मध्ये ह्यूमेन सोसायटी या मोठ्या संघटनेने आपले धोरण बदलले आणि झुंजीतल्या कुत्र्यांचा विचार एकेक करून व्हावा असे ठरवले. याच संघटनेबरोबर विक वस्त्यांमधून, शाळांमधून फिरला, मुलांना झुंजींविरुद्ध सांगत राहिला. 2011 मध्ये झुंज पाहायला जाणे हाही गुन्हा ठरावा, या विधेयकाच्या बाजूने तो वॉशिंग्टनला जाऊन बोलला. 2014 मध्ये तो कायदा झाला. सावकारांचे पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपासचे कर्ज त्याने फेडले, खेळून मिळालेल्या पैशातून.

आता मूळ प्रश्न. 'दुसरी संधी द्यावी का' असे विचारताना आपण दोन-तीन वेगळे प्रश्न एकात कालवतो, असे आम्हाला वाटते. शिक्षा संपलेल्या माणसाला काम करून पोट भरता यावे का? यावे. न्यायालयाने 23 महिने सांगितले तर ते 23 महिनेच. 24 व्या महिन्यापासूनची शिक्षा कुणी दिली, कोणत्या कायद्याने दिली? यावर आमच्या मनात शंका नाही. पण त्याला पुन्हा टाळ्या, जाहिराती, मानाची जागा मिळावी का, हा दुसरा प्रश्न. तिथे कुणाचाच हक्क नसतो, ना विकचा ना आपला. तिथे माणसाने नुकसान किती भरून दिले, हे विचारता येते. आणि क्षमा तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करायची गोष्ट आहे. लीग, चाहते, राष्ट्राध्यक्ष, कुणीही ती परस्पर वाटू शकत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना मोहम्मद आमिर आठवत असेल. 2010 मध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन मुद्दाम नो-बॉल टाकले तेव्हा तो 18 वर्षांचा होता. त्याने गुन्हा कबूल केला, इंग्लंडमध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि पाच वर्षांची बंदीही आली. तो परतला तेव्हा मोहम्मद हफीज आणि अझर अली या त्याच्याच देशाच्या खेळाडूंनी आधी त्याच्याबरोबर सराव शिबिरात यायला नकार दिला होता. त्यांचा नकार चूक म्हणता येत नाही, कारण आमिरने फसवले ते या खेळालाच. विकचा गुन्हा खेळाबाहेरचा होता, आमिरचा खेळातला. म्हणून आमिरवर खेळाने वेगळी बंदी घालणे योग्य होते, आणि बंदी संपल्यावर त्याला खेळू देणेही योग्य होते. संघाचा कर्णधार सलमान बट तेव्हा पंचविशीत होता. त्याला 30 महिन्यांची शिक्षा झाली. 18 वर्षांचा पोरगा आणि त्याला हुकूम देणारा कर्णधार यांना एकाच मापाने मोजायचे नसते, एवढे न्यायालयालाही कळले.

स्टीव्हन व्हॅन डी वेल्ड या डच बीच व्हॉलीबॉल खेळाडूचे प्रकरण मात्र आम्हाला पचत नाही. 12 वर्षांच्या इंग्लिश मुलीवरील बलात्काराबद्दल 2016 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. नंतर त्याला नेदरलँड्सला पाठवले गेले, आणि वर्षभराच्या आसपास तुरुंगवास भोगून तो सुटला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो देशाच्या पोशाखात उतरला, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. इतर खेळाडूंबरोबर क्रीडाग्रामात त्याची सोय केली नव्हती, पत्रकारांशीही त्याला बोलू दिले गेले नाही. ज्याला क्रीडाग्रामात ठेवायला त्याचेच लोक कचरतात, त्याला देशाचा प्रतिनिधी म्हणून का पाठवतात? त्याने नोकरी करावी, संसार करावा, त्याला आमची हरकत नाही. पण ऑलिंपिक म्हणजे नुसती नोकरी नाही, तो बहुमान आहे. त्या मुलीला, आता ती मोठी झाली असेल, तो माणूस जगभरच्या पडद्यांवर पाहावा लागला. तिचा विचार या निर्णयात कुठे होता?

अंगुलिमालाची कथा इथे आठवणारच. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या भागात ती घेतली आहे. आपण ती बहुधा हृदयपरिवर्तनाशी आणून संपवतो. पण मज्झिम निकायातल्या सुत्तात पुढे असे आहे की भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांचे दगड-काठ्या पडतात, डोके फुटते, भिक्षापात्र फुटते, आणि बुद्ध त्याला ते सोसायला सांगतात. लोकांनी राग सोडावा असा हुकूम ते काढत नाहीत. त्याहून कमी सांगितले जाते ते विनयपिटकातल्या महावग्गात आहे. अंगुलिमालाला भिक्षुवेषात पाहून लोक घाबरले, पळाले, कुरकुरू लागले, तेव्हा कुख्यात दरोडेखोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. अंगुलिमालाला मात्र संघातून काढले नाही. एका माणसाला मिळालेली संधी कायम राहिली आणि लोकांचा विश्वास टिकावा म्हणून संस्थेने स्वतःला नियमही घालून घेतला. आपल्या तरुणांनी हे दोन्ही उतारे एकत्र वाचावेत.

पण विकच्या गोष्टीत एक मोठी मेख आहे. त्याला संधी मिळाली, कारण तो चेंडू अचूक आणि दूर फेकत होता, कारण संघाला सामने जिंकायचे होते. त्याच्याच वस्तीतल्या, त्याच्यासारखीच शिक्षा भोगून आलेल्या, पण चेंडू फेकता न येणाऱ्या मुलाचे काय होते? समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात हे तपासून पाहिले. सारखीच पात्रता सांगणारे तरुण त्यांनी साडेतीनशे मालकांकडे नोकरी मागायला पाठवले. कुणी गोरे, कुणी कृष्णवर्णीय. कुणी तुरुंगवास झाल्याचे सांगायचे, कुणी नाही. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुरुंगवास नसलेल्या गोऱ्यांना 34 टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्यांना 17 टक्के. तुरुंगवास नसलेल्या कृष्णवर्णीयांना 14 टक्के, आणि तुरुंगवास सांगणाऱ्या कृष्णवर्णीयांना 5 टक्के. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीयापेक्षा तुरुंगातून आलेला गोरा मालकांना बरा वाटला. त्यातून विकच्या व्हर्जिनियात तर अनेक दशकांचा नियम असा की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा मताधिकार कायमचा जातो. गव्हर्नरने परत दिला तरच तो मिळतो.

आपल्याकडची स्थिती पाहा. तुरुंगातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे दोषी ठरलेलेच नाहीत. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणे आणि नोंदवहीत जातीचा रकाना ठेवणे घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांथा प्रकरणात सांगावे लागले. आमच्या कामात जी मुले भेटतात त्यांच्यासाठी खरी भिंत असते ती पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची. सिक्युरिटी गार्डची नोकरी असो की सरकारी भरती, तो कागद लागतोच. यात आंदोलनात नाव आलेले, कधीच दोषी न ठरलेले तरुणही अडकतात. जानेवारी 2018 च्या बंदनंतर किती घरांतल्या मुलांवर गुन्हे दाखल झाले, हे वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात. एक, 1958 चा परिवीक्षा कायदा. त्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला, कलम 12 नुसार, त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दुसरी, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अर्जात गुन्ह्याची माहिती लपवू नये, खरी तीच द्यावी, असे तो बजावतो. पण तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा यांकडे मालकाने सारासार विचार करून दुर्लक्ष करता येते, असेही तो सांगतो. भरतीचा फॉर्म भरण्याआधी मुलाला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे, तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. फॉर्म गेल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही.